तिसऱ्या वाढदिवसाआधीची डिस्नेवारी

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीच्या सविस्तर पत्राचा हा सारांश. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

घरात साडेपाच वर्षांची मुलगी आणि येत्या जूनअखेरीस तीन वर्षे पूर्ण करणारा मुलगा आहे. सासू-सासरे एप्रिलमध्ये साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येणार आहेत. तीन वर्षांखालच्या मुलाला डिस्नेच्या पार्कचे तिकीट लागत नाही, म्हणून मुलाच्या वाढदिवसाआधी सहाही जणांनी फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला जावे आणि पाच दिवसांत तिथले चारही पार्क पाहून घ्यावेत, असा पतीचा आग्रह आहे. पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीला हे सगळे अवघड वाटते. मुलगा दुपारी दोन तास झोपतो आणि झोप मोडली की संध्याकाळभर किरकिर करतो. मोठ्या आवाजाला आणि अंधाराला तो घाबरतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात. खर्च मोठा आहे, आणि ‘मुलाला यातले काहीच आठवणार नाही, मग एवढे कशासाठी?’ हा प्रश्न तिला सतावतो. दोन वर्षे थांबू या असे तिने सुचवले, तेव्हा ‘आई-बाबा पुन्हा कधी येतील कोणास ठाऊक’ असे उत्तर मिळाले. मुलीच्या वर्गातल्या बऱ्याच मैत्रिणी जाऊन आल्या आहेत आणि ‘आपण कधी जायचे?’ असे ती रोज विचारते. ‘मी नको म्हटले तर सगळ्यांच्या आनंदात खोडा घातला असे होईल, आणि हो म्हटले तर पाच दिवस नुसत्या बॅगा, बाटल्या आणि रडारड सांभाळत फिरेन,’ असे तिने शेवटी लिहिले आहे.

मैत्रिणी,

पत्र वाचताना एक गोष्ट सतत जाणवत राहिली. तुम्ही पतीचे म्हणणे मांडले आहे, स्वतःची काळजी मांडली आहे, मुलांच्या सवयीही बारकाईने सांगितल्या आहेत. पण ज्यांच्यासाठी ही सगळी घाई चालली आहे, त्या सासू-सासऱ्यांना या सहलीबद्दल काय वाटते हे पत्रात कुठेच नाही. बहुधा त्यांना अजून कोणी विचारलेलेच नाही. आपल्या घरांमध्ये हे फार सहज घडते. मुले आई-वडिलांना ‘सगळे दाखवायचे’ ठरवतात, आणि मुलाचा हिरमोड नको म्हणून आई-वडील दुखणारे गुडघे घेऊन मुकाट्याने मागे चालत राहतात. तेव्हा ‘जावे की जाऊ नये’ या प्रश्नाकडे वळण्याआधी, तो ज्या समजुतींवर उभा आहे त्या आपण तपासून पाहू.

पहिली समजूत फुकट तिकिटाची. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना प्रवेश विनामूल्य असतो हे खरे आहे. मात्र तुम्ही सहा जण जाणार आहात, म्हणजे पाच तिकिटे विकत घ्यावीच लागणार आहेत. त्यांत मुलीच्या तिकिटावर फारशी सवलत मिळणार नाही, कारण तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचे तिकीट मोठ्यांच्या तिकिटापेक्षा किंचितच स्वस्त असते. विमानात मांडीवर बसवून मूल फुकट नेता येते ते दोन वर्षांखालचे, त्यामुळे मुलाच्या आसनाचे पैसे आताही भरावेच लागतील. शिवाय पार्कच्या तिकिटांचे दर तारखेनुसार बदलतात. गर्दीच्या दिवसांत तिथल्या चार पार्कांपैकी मॅजिक किंगडमचे एका दिवसाचे तिकीट दीडशे डॉलरच्या पुढे जाते, तर एरवीच्या आठवड्यात मधल्या वारी ते बरेच खाली असते. पाच जणांसाठी तारखा विचारपूर्वक निवडल्या, किंवा पार्कमधला एक दिवस कमी केला, तर मुलाच्या तिकिटाचा बराच खर्च भरून निघू शकतो. म्हणजे जूनअखेरीची मुदत तुम्हाला वाटते तितकी कडक नाही. पतीशी बोलताना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. त्यांना खोटे पाडण्यासाठी नव्हे, तर सहल कधी आणि कशी करायची हे वाढदिवसाच्या तारखेच्या दडपणाशिवाय ठरवता यावे, यासाठी. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा आणखी एक परिणाम होतो. एवढी बचत झालीच आहे तर सगळेच पाहून घेऊ असे वाटू लागते, आणि पाच दिवसांत चार पार्कांचा बेत बहुतेक तिथूनच आला असावा.

दुसरी समजूत तुमची आहे, आणि तिच्याशीही मी पूर्ण सहमत नाही. मोठ्या माणसांना आठवणारी सर्वांत जुनी आठवण साधारणपणे तिसऱ्या-चौथ्या वर्षातली असते, त्यामुळे तुमच्या मुलाला ही सहल मोठेपणी आठवणार नाही हे बव्हंशी खरे आहे. पण आठवणार नाही म्हणून आपण दोन वर्षांच्या मुलाला बागेत न्यायचे थांबवत नाही, गोष्टी सांगायचे थांबवत नाही. त्याला तिथे त्या क्षणी काय वाटेल, हा प्रश्न पुरेसा मोठा आहे. आजोबांच्या मांडीवर बसून होडीतून जाताना तो खुश असेल तर सहल त्याच्यापुरती सार्थकी लागली. भेदरून, भुकेने आणि झोपेने रडत असेल तर पुढे फोटोंत तो कितीही गोड दिसला तरी त्या दिवसाचे त्याला काहीच सुख मिळालेले नसते. शिवाय मुलगी साडेपाच वर्षांची आहे. राजकन्येचा पोशाख घातलेल्या ताईशी ती आज ज्या विश्वासाने बोलेल, त्या विश्वासाने साडेसात वर्षांची झाल्यावर बोलेलच असे नाही. ही सहल तिला आठवण्याची शक्यता बरीच आहे. ‘मैत्रिणी जाऊन आल्या’ एवढ्या कारणासाठी जाऊ नये हे मला मान्य आहे, तरी तिचे रोजचे विचारणे केवळ देखादेखीचे आहे असेही समजू नका. तिला तिथे नेमके काय बघायचे आहे, हे एकदा शांतपणे विचारा. या वयाच्या मुलांची यादी आपण समजतो त्यापेक्षा फार छोटी असते.

दोन वर्षे थांबण्याने काय मिळेल आणि काय जाईल, हेही नीट पाहायला हवे. मिळेल ते असे, की मुलगा पाच वर्षांचा असेल, दुपारच्या झोपेची अडचण उरणार नाही आणि आज त्याला बंद असलेल्या बऱ्याच राइड उघडतील. तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांची उंची साधारण ३६ ते ३८ इंच असते. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला किमान ३८ इंच लागतात, स्पेस माउंटनला ४४ आणि ट्रॉनला ४८. म्हणजे आज तुमच्या मुलाला जवळजवळ सगळ्याच वेगवान राइडच्या दारातून परत फिरावे लागेल. जाईल ते असे, की सासूबाईंचे गुडघे दोन वर्षांनी आजच्यापेक्षा बरे असतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. तुमच्या पतीची घाई मला म्हणूनच अवाजवी वाटत नाही. परदेशात राहणाऱ्या मुलाला आई-वडिलांच्या प्रत्येक फेरीच्या वेळी ही चिंता लागलेली असते, आणि ‘खर्च फार आहे’ या उत्तराने ती शमत नाही. त्यांना चार पार्क हवे आहेत असे ते म्हणत असले, तरी त्यांना खरोखर हवे आहेत ते त्या जागी एकत्र असलेले आपले आई-वडील आणि मुले, असे मला पत्रावरून वाटते. तसे असेल तर त्यासाठी पाच दिवसही लागत नाहीत.

माझे मत सांगते. जा, मेमध्येच जा, पण हा बेत घेऊन जाऊ नका. तुमच्या कुटुंबाकडे पैशांपेक्षाही कमी असलेली गोष्ट म्हणजे धाकट्याचे आणि आजीचे दिवसातले चांगले तास. दोन-तीन वर्षांच्या मुलाला दिवसा-रात्री मिळून सुमारे बारा तास झोप लागते. उठणे, खाणे, प्रवास आणि दुपारची झोप वजा केली, तर तो ताजातवाना असतो ते सकाळचे साडेतीन-चार तास आणि संध्याकाळचे दोन. सासूबाईंच्या गुडघ्यांनाही साधारण तेवढेच झेपेल, कारण पार्कमध्ये दिवसभरात आठ-दहा किलोमीटर चालणे सहज होते. मे महिन्यात ऑर्लँडोत दुपारचे तापमान तीस अंश सेल्सियसच्या पुढे जाते आणि हवा दमट असते. तेव्हा या तासांत मावेल तेवढीच सहल आखायची आणि तासांबाहेरची गोष्ट कितीही आकर्षक असली तरी सोडून द्यायची, एवढा एक नियम घरातल्या सर्वांनी आधी मान्य करायचा. पैसे वसूल करण्यासाठी रात्रीच्या आतषबाजीपर्यंत थांबायचे असे ठरवले, की सहलीचा बोजवारा तिथेच उडतो. त्यातून तुमचा मुलगा मोठ्या आवाजाला घाबरतो. आतषबाजी बघायचीच असेल तर मुलीला घेऊन बाबांनी एका रात्री जावे. बाकीच्यांनी घरी झोपावे.

या हिशेबाने पाहिले तर चार पार्कांचा आग्रह आपोआप गळून पडतो. मॅजिक किंगडम १९७१ मध्ये सुरू झाले, त्यानंतर १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये आजचे हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ मध्ये ॲनिमल किंगडम. ही सगळी सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या आवारात एकमेकांपासून दूर पसरलेली आहेत, आणि प्रत्येक बदलात बस किंवा गाडी, सुरक्षा तपासणी आणि स्ट्रोलरची म्हणजे मुलाच्या ढकलगाडीची उघडझाप असते. तुमच्यासाठी मी मॅजिक किंगडमचे दोन दिवस आणि एपकॉटचा एक दिवस सुचवीन, आणि प्रत्येक दोन दिवसांच्या मध्ये पार्कशिवायचा एक दिवस ठेवीन. हॉलिवूड स्टुडिओज या वेळी पूर्ण सोडा. तिथल्या बहुतेक गाजलेल्या राइड तुमच्या मुलाच्या उंचीच्या नाहीत आणि सासूबाईंच्या आवडीच्या असतील असेही वाटत नाही.

मॅजिक किंगडमच का, तर उंचीची अट नसलेल्या आणि सहाही जणांना जाता येईल अशा गोष्टी तिथे सर्वांत जास्त आहेत. इट्स अ स्मॉल वर्ल्डची संथ होडी, डंबोचे उडते हत्ती, घोड्यांचे मेरी-गो-राउंड, टुमॉरोलँडमधली उंचावरून सावकाश फिरवून आणणारी पीपलमूव्हर, जंगल क्रूझ हे सगळे तुमच्या मुलालाही चालेल. पीटर पॅनच्या राइडमध्ये अंधार आहे, पायरेट्समध्ये अंधारही आहे आणि तोफांचे आवाजही. तुमच्या मुलासाठी पहिली कदाचित जमेल, दुसरी मी टाळीन. बहुतेक राइडच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या चित्रफिती यूट्यूबवर आहेत. जाण्याआधीच्या आठवड्यात रोज एक त्याला दाखवा, आणि कोणती बघताना तो तुमच्या कुशीत शिरतो ते लक्षात ठेवा. मिकी किंवा गूफीच्या अवाढव्य पोशाखातल्या माणसांना या वयाची बरीच मुले घाबरतात. त्याला त्यांच्या हातात देऊन फोटो काढायचा प्रयत्न करू नका. त्याने लांबूनच हात हलवला तरी पुष्कळ झाले.

एपकॉट सुचवण्यामागे तुमचे सासरे आहेत. ते कृषी खात्यातून निवृत्त झाले आहेत असा पत्रात ओझरता उल्लेख आहे. तिथे लिव्हिंग विथ द लँड नावाची होडीची राइड आहे. सुरुवातीला देखावे येतात आणि मग होडी थेट काचघरांतून जाते. मातीशिवाय, नुसत्या पोषकद्रव्यांच्या पाण्यावर वाढवलेली रोपे, आधारांवर चढवून झाडासारखी पसरवलेली टोमॅटोची वेल, टांगत्या कुंड्या आणि माशांच्या टाक्या हाताच्या अंतरावरून दिसतात. संथ होडी, बसायला बाक, उंचीची अट नाही. आजोबा नातवंडांना काही समजावून सांगत आहेत अशी या साऱ्या आवारातली ही एकच जागा असावी, आणि तुमच्या पतीला जे हवे आहे ते मला तिथे दिसते. त्याच पार्कात नॉर्वेच्या दालनात फ्रोझन या चित्रपटावरची होडी आहे. ती मुलीसाठी. तिच्यात थोडा अंधार आणि एक उतार आहे, तेव्हा धाकट्याचे आधी चित्रफितीवरून ठरवा.

वेगवान राइड मुलीला आणि तुम्हा दोघांना हव्या असतील तर रायडर स्विच ही सोय विचारून घ्या. उंचीची अट असलेल्या राइडवर एक पालक मुलीला घेऊन जातो, दुसरा धाकट्यापाशी थांबतो, आणि नंतर थांबलेल्या पालकाला पूर्ण रांग पुन्हा न लावता जाता येते. त्याच्यासोबत मुलीला बहुधा दुसऱ्यांदाही बसता येते. आजी-आजोबा आहेतच, मुलाला त्यांच्याजवळ ठेवू, असा विचार मनात येईल. पण अनोळखी गर्दीत, उन्हात, रडणारे मूल त्यांच्या हाती सोपवून तुम्ही दोघेही निघून जाऊ नका. त्यांना तिथल्या रांगा आणि रस्ते माहीत नाहीत आणि ते ‘नाही’ म्हणणार नाहीत.

सासू-सासऱ्यांनी तिन्ही दिवस पार्कमध्ये यायलाच हवे असेही नाही. मॅजिक किंगडमचा एक दिवस आणि एपकॉटचा दिवस ते सोबत असले तर फोटो, गप्पा, आनंद सगळे साधते, आणि मॅजिक किंगडमच्या दुसऱ्या दिवशीची दोन तिकिटे वाचतात. मधल्या एका दिवशी डिस्ने स्प्रिंग्स या दुकाने आणि उपाहारगृहांच्या भागात फिरता येते. तिथे प्रवेश आणि गाडी लावणे दोन्ही विनामूल्य आहे. दुसऱ्या मधल्या दिवशी ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्याच हॉटेलमधल्या साना या उपाहारगृहात दुपारच्या जेवणाचे आरक्षण आधीपासून करून ठेवा. तिथल्या स्वयंपाकाला भारतीय वळण आहे, नान आणि अनेक चटण्यांचे ताट मिळते, आणि मोठ्या खिडक्यांतून बाहेर चरणारे जिराफ नि झेब्रे दिसतात. पार्कचे तिकीट न काढता मुलाला जिराफ दिसला तर ॲनिमल किंगडम राहिल्याची खंत कोणालाच वाटणार नाही.

सासूबाईंसाठी व्हीलचेअर पार्कच्या दारातच भाड्याने मिळते. मात्र अनेक आज्यांना तीत बसणे कमीपणाचे वाटते, आणि ‘मी चालेन हळूहळू’ असे म्हणत त्या दुपारपर्यंत पाय ओढत राहतात. हे बोलणे दारात, सगळ्यांसमोर करू नका. घरी असताना मुलानेच आईला सांगावे, की तिथे कितीतरी धडधाकट माणसेही लांबच्या चालण्यासाठी ती घेतात आणि ती घेतली म्हणजे आपण सगळे जास्त वेळ एकत्र राहू शकू. सुनेने सांगण्यापेक्षा मुलाने सांगितलेले इथे जास्त चांगले.

राहण्याबद्दल दोन मते असू शकतात. डिस्नेच्या आवारातल्या हॉटेलात राहिले तर पार्कमध्ये अर्धा तास आधी प्रवेश मिळतो आणि दुपारी झोपायला परतणे सोपे जाते. सहा जणांना मात्र एक खोली पुरत नाही आणि दोन खोल्या महाग पडतात. जवळच्या किसिमी गावाच्या बाजूला भाड्याने मिळणाऱ्या घरांत वेगवेगळ्या झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, कपडे धुण्याचे यंत्र सगळे असते, पण दुपारी परतायचे तर वेळ जातो. विशेषतः मॅजिक किंगडमला गाडी लावल्यानंतरही मोनोरेल किंवा बोटीने तळे ओलांडून जावे लागते. तुमच्या घरचे वय आणि खाणेपिणे पाहता मी घर घेईन, आणि सकाळी पार्क उघडायच्या वेळी दारात असेन, दीडच्या सुमारास निघून गाडीतच मुलाला झोपू देईन आणि संध्याकाळी परत जायचे की नाही ते त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवीन. एक विनंती आहे. घरात स्वयंपाकघर आहे म्हणजे तिथे तुम्हीच उभे राहायचे असे आधीपासून ठरलेले नसते. सकाळचे पोहे पतीने करावेत, रात्री भात आणि आमटी हे दोन पदार्थ पुरेत, आणि हे निघण्यापूर्वीच सांगून टाकावे.

पार्कमध्ये घरचे खाणे नेता येते, फक्त काचेची भांडी चालत नाहीत. तेव्हा लोणचे प्लास्टिकच्या डबीत घ्या. दशम्या, ठेपले, लाडू, चिवडा हे दुपारपर्यंत टिकते आणि शाकाहारी आजी-आजोबांची रांगेतली उपासमार टळते. जलद सेवेच्या खाद्यगृहांत बर्फाचे पाणी मागितले तर फुकट मिळते. प्रत्येक पार्कमध्ये बेबी केअर सेंटर आहे. तिथे डायपर बदलायची टेबले, दूध पाजायला शांत खोली, मायक्रोवेव्ह आणि उंच खुर्च्या असतात. दारातून आत गेल्यावर कोणतीही राइड शोधण्याआधी ही जागा कुठे आहे ते पाहून ठेवा, कारण गरज पडते तेव्हा नकाशा वाचायला हात मोकळे नसतात. तुमच्या मुलाचा डायपर नुकताच सुटला आहे असे तुम्ही लिहिले आहे. तिथल्या अनेक स्वच्छतागृहांत आपोआप होणारे फ्लश आहेत, आणि मूल बसलेले असतानाच ते गडगडले की पुढचे काही दिवस ते बसायलाच तयार होत नाही. पर्समध्ये चिकटणाऱ्या चिठ्ठ्यांचा छोटा गठ्ठा ठेवा. एक चिठ्ठी फ्लशच्या सेन्सरच्या लाल डोळ्यावर चिकटवली की फ्लश होत नाही. मूल उठून बाहेर गेले की काढून टाकायची.

रोज सकाळी निघताना दोन्ही मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो फोनवर घ्या आणि मनगटाच्या आतल्या बाजूला तुमचा फोन नंबर पेनने लिहा. हरवल्यास छातीवर नावाची पाटी असलेल्या माणसाकडे जायचे, हे मुलीकडून म्हणवून घ्या, आणि सासू-सासऱ्यांनाही तेच सांगून ठेवा. मेमध्ये तिथे दुपारी वीज कडाडून पाऊस येऊ शकतो, आणि तेव्हा उघड्यावरच्या राइड थांबवतात. पातळ रेनकोट घरूनच न्या.

आता पत्रातल्या शेवटच्या वाक्याकडे येते. बॅगा, बाटल्या आणि रडारड सांभाळण्याची जी भीती तुम्ही लिहिली आहे, ती मला या सगळ्या पत्रातली सर्वांत खरी गोष्ट वाटली, आणि पुष्कळ आयांच्या मनातली. सहलीची हौस एकाची आणि राबणूक दुसऱ्याची, असे झाले की राबणारी व्यक्ती साहजिकच सहलीलाच विरोध करू लागते. मग घरात तिची गणना कुरकुर करणारी म्हणून होते. तुमचा विरोध डिस्नेला नसून या वाटणीला आहे, असे मला वाटते. म्हणून पतीला ‘हो’ सांगताना तीन गोष्टी स्पष्ट मागा. बुकिंगचे सगळे काम त्यांचे. लाइटनिंग लेन म्हणजे रांग टाळण्याची सशुल्क सोय घ्यायची असेल, तर आवाराबाहेर राहणाऱ्यांसाठी तिचे आरक्षण भेटीच्या तीन दिवस आधी सकाळी सात वाजता उघडते, आणि फोन घेऊन तेव्हा बसायचे ते त्यांनी. पार्कमध्ये सकाळी धाकट्याची जबाबदारी एकाची तर दुपारनंतर दुसऱ्याची. आणि एक पूर्ण संध्याकाळ तुमची एकटीची, मग तुम्ही ती तळ्याकाठी चालण्यात घालवा की झोपण्यात. बोलणे सुरू करताना ‘एवढा खर्च’ हा शब्द पहिला येऊ देऊ नका. ‘तुला तिथे आई-बाबांबरोबर नेमके काय करायचे आहे, एकच सांग’ असे विचारा. त्यांचे उत्तर तुमच्या बेतात बसवणे जमेल, याची मला खात्री आहे. त्याच बैठकीत व्हिडिओ कॉलवर सासू-सासऱ्यांनाही विचारा, आणि मुलाला बरे वाटावे म्हणून ते भरभर ‘हो हो’ म्हणत नाहीत ना, ते ऐका.

अजूनही मन साशंक असेल तर पेनसिल्व्हेनियातले लँगहॉर्न तुमच्यापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. तिथले सेसमी प्लेस लहान मुलांसाठीच आहे. एप्रिलअखेरच्या एखाद्या शनिवारी सहाही जण तिथे अर्धा दिवस जाऊन या. पोशाखातल्या पात्रांसमोर मुलगा कसा वागतो, सासूबाई किती वेळ चालतात, तुम्ही दोघे एकमेकांवर कधी चिडता, हे सगळे त्या अर्ध्या दिवसात कळेल. मुलगा अगदीच बिथरला तर ऑर्लँडो सोडून द्या, आणि तसे मुलीला आधीच सांगितलेले नसेल तर तिचाही हिरमोड होणार नाही. तिला बातमी द्यायची ती तिकिटे काढल्यानंतरच.

महाराष्ट्रातून हे सदर वाचणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. पुण्या-मुंबईहून खोपोलीजवळच्या इमॅजिकाला तीन वर्षांचे मूल घेऊन जाताना तिथल्या उंचीच्या अटी आधी पाहून घ्याव्यात, आणि थीम पार्क व वॉटर पार्क एकाच दिवसात उरकण्याचा मोह टाळावा. ओल्या, दमलेल्या मुलाला घेऊन संध्याकाळी द्रुतगती मार्गावरच्या कोंडीत बसणे कोणालाच सुखाचे नाही.

शेवटी दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. सासू-सासऱ्यांचा अमेरिकेतला आरोग्य विमा फ्लोरिडातही चालतो का, आणि त्यांची रोजची औषधे हातातल्या बॅगेत आहेत का, हे निघण्यापूर्वी तपासा. आणि परतीचे विमान शनिवारचे घ्या. मुलीची शाळा आणि तुमचे ऑफिस सोमवारी सुरू होण्याआधी रविवार पूर्ण मोकळा हवा, नाहीतर धुण्याचा ढीग आणि किरकिरणारे मूल घेऊन पुन्हा तुम्हीच एकट्या उभ्या राहाल.